तेवढं लेखी द्याल का?

नोटीस दीड पानाची होती. मॅडमनी चष्मा लावून ती दोनदा वाचली, मग उलटून मागची कोरी बाजूही पाहिली. उत्तरपत्रिका तपासून तपासून हाताला लागलेली ही सवय, मागच्या पानावर काही राहिलं नाही ना ते बघायची.

"जावक क्रमांक आहे, शिक्का आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे रीतसर आहे."

"रीतसर आहे. पण खरी नाही."

मॅडम माझ्या एम.ए.च्या शिक्षिका. पुढे मी ज्या विद्यापीठ विभागात नोकरीला लागले, तिथेच त्या तीन वर्षं विभागप्रमुख होत्या. २०१९ साली निवृत्त झाल्या आणि नाशिकला, गंगापूर रोडला राहायला आल्या. विद्यापीठाचं नाव मी लिहीत नाही. माझी तक्रार एका इमारतीपुरती नाही, आणि जे सांगायचं आहे ते राज्यातल्या कितीतरी विभागांतल्या माणसांना नावाशिवायही ओळखू येईल.

झालं होतं ते असं. जुलैतल्या एका रात्री पावणेदहाला विभागप्रमुखांचा फोन आला. "उद्यापासून तिसऱ्या सत्राच्या त्या पेपरला जाऊ नका. दुसरी व्यवस्था केलीय." तो पेपर मी सहा वर्षं शिकवत होते. का, म्हणून विचारलं तर, "वरून आलंय." मी म्हटलं, "सर, तेवढं लेखी द्याल का?" पलीकडे थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग, "मॅडम, तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?" आणि फोन बंद. मी वर्गावर गेले नाही. दुसरी व्यवस्थाही कधी झाली नाही. डिसेंबरात ही नोटीस आली: नेमून दिलेल्या पेपरच्या ३१ तासिका आपण घेतल्या नाहीत, याबद्दल आपल्यावर शिस्तभंगाची कारवाई का करू नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा.

"आणि मुलं?" मॅडमनी पहिला प्रश्न तोच विचारला.

मुलं येऊन बसायची. त्यांचा वर्ग माझ्या खोलीसमोरच आहे. वीस-पंचवीस मिनिटं वाट बघून उठायची आणि जाताना माझ्या दाराकडे बघायची. पुढेपुढे मी दार लोटून घ्यायला लागले. हेही मी मॅडमना सांगितलं. त्यांच्यापुढे मला खोटं बोलता येत नाही.

"चुकलीस," त्या म्हणाल्या. "दोनदा चुकलीस. एक तर वर्गावर गेली नाहीस. आणि दुसरं, लेखी मागितलंस."

पहिली चूक मी मान्य केली. दुसरीवरून जे बोलणं सुरू झालं ते दिवेलागणीपर्यंत चाललं. जमेल तितकं जसंच्या तसं इथे देते.

"तू लेखी मागितलंस ना," मॅडम म्हणाल्या, "त्याच वेळी तुम्ही सहकारी राहिला नाहीत. वादी-प्रतिवादी झालात. अगं, मी हे डोळ्यांनी पाहिलंय. नव्वदच्या आसपासची गोष्ट, मी विभागात नवीन होते. दोन प्राध्यापक, दोघंही विद्वान. खोल्या समोरासमोर, मध्ये सहा पावलांचा व्हरांडा. एका कपाटावरून बिनसलं. कपाट विभागाचं की प्रकल्पाचं, एवढाच वाद. मग पत्रं सुरू झाली. शिपाई पोचवही काखेत धरून एका दारातून निघायचा, सहा पावलं चालून दुसऱ्या दारात जायचा, सही घ्यायचा. दुपारी उत्तर घेऊन उलटा यायचा. वर्षभरात त्या कपाटाची वेगळी फाइल झाली. आम्ही सगळे अकरा वाजता एकत्र चहा घ्यायचो, तो बंद पडला. चहाला काही बोलून गेलो तर उद्या त्याचं पत्र येईल, ही धास्ती. एकाच्या विद्यार्थिनीचा प्रबंध दुसऱ्याच्या सहीसाठी दीड वर्ष अडला. तिचं लग्न झालं, ती बडोद्याला गेली, प्रबंध राहिला तो राहिलाच. कागद मात्र सगळे रीतसर होते हं. एकेकावर जावक क्रमांक."

सहा पावलं चालणारा तो शिपाई माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मॅडमच्या बोलण्यात जोर होता, कारण त्या नियमांबद्दल बोलत नव्हत्या. एका मुलीचा प्रबंध कसा गेला, ते सांगत होत्या.

तरी मी म्हटलं, "मॅडम, ते दोघं बरोबरीचे होते. एकाने लिहिलं की दुसरा उत्तर देऊ शकत होता. माझ्याकडे पहिलं पत्रच नाही. त्यांनी जे सांगितलं ते फोनवर विरून गेलं. मला जे पाठवलं तेवढं कागदावर राहिलं. उद्या कुणी फाइल उघडली तर त्याला काय दिसेल? या बाईने ३१ तास घेतले नाहीत. बस्स."

"फाइल उघडणारा शहाणा असेल तर का म्हणून विचारेल."

"आणि नसेल तर?"

त्या काही बोलल्या नाहीत. मी बरोबर नेलेली क्लिअर बॅग उघडली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाची प्रत काढून टेबलावर ठेवली.

माजी कॅबिनेट सचिव टी. एस. आर. सुब्रमण्यन आणि त्यांच्यासारख्या कितीतरी निवृत्त अधिकाऱ्यांनी मिळून ती याचिका केली होती. ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी निकाल लागला. सनदी अधिकाऱ्यांनी तोंडी आदेशावर काम करू नये, आदेश तोंडी मिळालाच तर त्याची नोंद करून ठेवावी, असं न्यायालयाने सांगितलं. त्यामागचं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. तोंडी आदेशावर वागणारा अधिकारी स्वतःच धोका पत्करतो. हा निर्णय माझा नव्हताच, असं त्याला मागाहून म्हणता येत नाही. शिवाय नोंदच नसेल तर माहिती अधिकाराला अर्थ काय उरला? २००५ च्या कायद्याने ३० दिवसांत माहिती मिळते, पण जे कधी कागदावर आलंच नाही ते कोण देणार?

"हे कलेक्टरांसाठी आहे," मॅडम म्हणाल्या. "मंत्री कलेक्टरला दमात घेतो, म्हणून. विभागप्रमुख म्हणजे काय मंत्री आहे? काल तो तुझ्या शेजारी बसून पेपर तपासत होता, तीन वर्षांची पाळी संपली की परत तिथेच येऊन बसणार. कलेक्टर आणि मंत्री परत एका टेबलावर डबा खात नाहीत. विभागातल्या माणसांना खायचा असतो. विभाग म्हणजे शेवटी एक घर आहे गं. घरात कुणी पोच मागत नाही."

हा घर शब्द मी नोकरीच्या पहिल्या दिवसापासून ऐकत आले आहे. स्वागताच्या भाषणात ऐकला, निरोप समारंभात ऐकला, आणि सर्वांत जास्त वेळा ऐकला तो एखादं काम फुकट करून घ्यायचं असेल तेव्हा. ज्यांना तो मनापासून वाटतो अशी माणसंही मी पाहिली आहेत, मॅडम त्यांतल्याच. पण घरात दोन खोल्यांमधला वाद वार्षिक अहवालात उतरत नाही. इथे माझा स्वयंमूल्यमापन अहवाल प्रमुखांमार्फत वर जातो. पीएच.डी. असलेल्या सहायक प्राध्यापकाला चार वर्षांनी पुढच्या स्तरावर जाता येतं, मूळ वेतन ५७,७०० वरून ६८,९०० च्या स्तरात जातं, आणि त्या वाटेवर कुणाची तरी सही लागतेच. त्या सहीची भीती आमच्या विभागातल्या प्रत्येक बैठकीत खुर्ची घेऊन बसलेली असते. डबा एकत्र खातो, हे खरं. पण डबा खाताना कोण कुणाशी बोललं, याची बातमीही दुपारी तीनच्या आत केबिनमध्ये पोचते.

मी हे बोलून दाखवलं. मग हाइन्झ लेमान यांच्याबद्दल सांगितलं. जन्माने जर्मन, पण काम केलं स्वीडनमध्ये. नोकरीच्या ठिकाणी एकाच माणसाला घेरून नामोहरम केलं जातं, त्याला त्यांनी १९८० च्या दशकात मॉबिंग हे नाव दिलं. अशा वागण्याचे ४५ प्रकार त्यांनी नोंदवले. आठवड्यातून निदान एकदा आणि निदान सहा महिने हे चालू असलं तर त्याला मॉबिंग म्हणायचं, अशी कसोटी लावली. कॅनडात वॉटर्लू विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ केनेथ वेस्टह्यूज यांनी पुढे हेच प्राध्यापकांच्या बाबतीत तपासलं. लेमान यांच्या यादीचा पहिलाच गट संवाद तोडण्याचा आहे. बोलू न देणं, मध्येच तोडणं, संपर्कच नाकारणं. मारहाण, मारहाणीच्या धमक्या यांना जागा शेवटच्या गटात.

"वाचताना मला वाटलं," मी म्हणाले, "आमच्याच विभागात बसून लिहिलंय."

मॅडम उठून आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "तुझा प्रमुख दुष्ट आहे, असं तुला वाटतं का?"

"नाही." मला खरंच तसं वाटत नाही. ते चांगले शिक्षक होते. त्यांचे विद्यार्थी अजून त्यांना भेटायला येतात.

"मग ऐक. मी प्रमुख झाले तेव्हा आदल्या दिवशीपर्यंत मी फक्त शिकवत होते. मला कुणी एक दिवससुद्धा सांगितलं नाही की बजेट कसं वाचायचं, टिपणी कशी लिहायची, दोन माणसांचं भांडण कुठे थांबवायचं. किल्ल्यांचा जुडगा मिळाला आणि डेड स्टॉक रजिस्टर मिळालं. मंजूर पदं नऊ, भरलेली चार. नियमाने सहायक प्राध्यापकाचे आठवड्याला सोळा तास, वरच्यांचे चौदा. पण नऊ माणसांचे पेपर चार माणसांत बसवायचे कसे, ते कुठल्या नियमात लिहिलंय? वर कुलसचिव प्रभारी, परीक्षा विभागाचे संचालक प्रभारी. प्रभारी माणूस सही करायला घाबरतो. आपल्या सहीवर उद्या कुणी बोट ठेवील म्हणून तो फोन करतो. मलाही सगळं तोंडीच येत होतं. 'मॅडम, तेवढं बघून घ्या.' मी बघून घेत होते. मग मी काय करणार? मीही खाली तोंडीच सांगत होते."

त्यांनी हे समजुतीसाठी सांगितलं होतं, पण माझ्या मुद्द्याला यापेक्षा मोठा पुरावा मला मिळाला नसता. तोंडी आदेश एका माणसाचा नसतो. तो जिना उतरत येतो. प्रत्येक पायरीवरचा माणूस आपला हात मोकळा ठेवून तो खालच्याला देतो, आणि सर्वांत खालच्या पायरीवर जो उभा असतो त्याच्याच नावाची नोटीस निघते.

"पण मग कुठल्या तरी पायरीवर तो अडायला हवा ना?" मी म्हणाले. "तुम्ही म्हणाला असतात, लेखी द्या..."

"तर पुढच्या अनुदानाच्या वेळी माझ्या विभागाची फाइल खाली गेली असती. नुकसान माझं नाही, मुलांचं. २०१७ साली मुंबई विद्यापीठात काय झालं, आठवतं? सतरा लाखांवर उत्तरपत्रिका, आणि पुरेशी तयारी नसताना संगणकावर तपासायचं ठरलं. निकाल महिनोनमहिने लांबले, परदेशी जाणारी मुलं अडकली. ऑक्टोबरात राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. मी तेव्हा म्हटलं होतं, एवढं झालंय तर आता काहीतरी बदलेल. वरचा माणूस गेला. खालच्या कचेऱ्यांतली काम करायची पद्धत तीच. तू कुठल्या पायरीवर अडवणार?"

मला उत्तर माहीत नव्हतं. म्हणून मी माझ्या वाटणीचं सांगितलं.

नॅक, म्हणजे उच्च शिक्षण संस्थांचं मूल्यमापन करणारी संस्था. आमच्याकडे तिच्या तपासणीची तयारी चालली होती तेव्हाची गोष्ट. नॅकच्या मूल्यमापनात तेव्हा सात निकष होते. त्यांतला सहावा प्रशासन, नेतृत्व आणि व्यवस्थापन यांचा. संस्था कशी चालवली जाते, निर्णय कसे होतात, लोकांना सामावून घेतलं जातं का, ते पाहणारा. त्यासाठी विभागीय बैठकांची पाच वर्षांची इतिवृत्तं हवी होती. तशा बैठका झाल्याच नव्हत्या. जे व्हायचं ते केबिनमध्ये आणि फोनवर. म्हणून आम्ही चौघं एका महिन्यात पाच वर्षांची इतिवृत्तं लिहायला बसलो. सगळी एका बैठकीत लिहिल्यासारखी दिसू नयेत, म्हणून तीन वेगवेगळी पेनं आणली होती. निळं, काळं आणि एक जरा फिकट निळं. 'चर्चेअंती सर्वानुमते ठरले' हे वाक्य मी त्या महिन्यात किती वेळा लिहिलं असेल, सांगता येत नाही. ज्या बैठका कधी झाल्या नाहीत, त्यांना मी हजर असल्याच्या सह्या केल्या.

"मलाही कुणी लेखी सांगितलं नव्हतं," मी म्हणाले. "आणि मीही अडवलं नाही."

फेब्रुवारी २०२५ मध्ये नॅकच्या एका तपासणी पथकातल्या सदस्यांना लाचेच्या आरोपावरून सीबीआयने अटक केली, तेव्हा आमच्याकडे खूप चर्चा झाली. मी गप्प होते. लाच घेणं वेगळं आणि फिकट निळं पेन आणणं वेगळं, हे मला कळतं. पण चर्चेत तोंड उघडण्याचा अधिकार मी त्या महिन्यात गमावला, असं मला वाटलं होतं आणि अजून वाटतं.

मॅडमनी नोटीस पुन्हा हातात घेतली. "खुलासा लिही," त्या म्हणाल्या. "भांडणाचा नको, तारखांचा लिही. फोन किती वाजता आला, किती मिनिटांचा होता, कंपनीकडून कॉलची यादी मिळते का बघ. आणि मग तक्रार निवारण समितीकडे जा."

म्हणजे त्याही शेवटी कागदावरच आल्या होत्या. मी ते बोलले नाही.

"महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमात, कलम ७९," मी म्हणाले. "वाचलंय. २०१६ चा कायदा, १ मार्च २०१७ पासून लागू. समिती आहे, न्यायाधिकरणही आहे. पण न्यायाधिकरणाकडे दाद कशाबद्दल मागायची? बडतर्फ केलं, काढून टाकलं, सेवा संपवली, पदावनत केलं, तर. रात्रीचा फोन यातल्या कशातच बसत नाही. मला काढलेलं नाही. मला फक्त रोज थोडं थोडं..." पुढचा शब्द मला सापडला नाही, आणि त्यांनी तो विचारला नाही.

आता मी ज्यासाठी खरं तर नाशिकला गेले होते, ते सांगते. मी नोटिशीसाठी गेले नव्हते.

आमच्या विभागात एक सर २०१२ पासून तासिका तत्त्वावर शिकवतात. क्लॉक अवर बेसिस, म्हणून आम्ही त्यांना सीएचबीवाले सर म्हणतो. हे आम्ही त्यांच्यासमोरही म्हणतो, यातच बरंच काही आलं. नेट झालेले, पीएच.डी. झालेले. दर तासाचे पैसे, तेही महिन्याच्या महिन्याला नाहीत. बिल विभागातून सही होऊन जायचं, लेखा विभागात थांबायचं, त्रुटी काढून परत यायचं. बिलांच्या झेरॉक्स ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सॅकमध्ये ठेवतात, पावसाळ्यात तर दोन पिशव्यांत. त्यांना नोटीस कधी येत नाही. नोटीस यायला आधी नेमणुकीला काही आकार असावा लागतो. त्यांच्या बाबतीत नापसंती व्यक्त करायची रीत एवढीच, की जूनमध्ये त्यांना फोन जात नाही. दोन वर्षं तसा तो गेला नव्हता. म्हणून ते प्रमुखांपुढे कधी काही मागत नाहीत. उन्हाळ्यात कपाटं लावायला येतात, प्रवेशाच्या दिवसांत टेबल सांभाळतात, आणि याचा तास कुठल्याच बिलात नसतो.

आता एका महाविद्यालयात कायम जागा निघाली आहे. त्यांना जुन्या वर्षांचं अनुभव प्रमाणपत्र हवं होतं. आताच्या प्रमुखांनी सांगितलं, "माझ्या काळातलं नाही, मी कसं देऊ?" प्रशासन म्हणालं, "विभागाने शिफारस केली तर बघू." सर सहा वेळा गेले.

"मॅडम, त्यांनी तुमच्याकडेही मागितलं होतं," मी म्हणाले. "तुम्ही प्रमुख असताना."

बराच वेळ त्या बाहेरच्या कडुनिंबाकडे बघत होत्या.

"मागितलं होतं," त्या म्हणाल्या. "दोनदा. मला वरून सांगितलं होतं, सीएचबीवाल्यांना काही लिहून देऊ नका. उद्या त्या कागदावर कोर्टात जातील, कायम करा म्हणतील."

"लेखी सांगितलं होतं?"

"नाही."

"मॅडम, उमादेवी प्रकरणाचा निकाल २००६ सालचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तेव्हाच सांगितलं होतं, की केवळ तात्पुरतं काम केलं म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही. त्या प्रमाणपत्राने विद्यापीठाचं काहीच बिघडणार नव्हतं. ज्याने तुम्हाला तोंडी सांगितलं, त्याला ते कागदावर लिहावं लागलं असतं तर निदान एकदा कायदा उघडून बघावा लागला असता."

हे बोलताना माझा आवाज चढला होता. आपल्या शिक्षिकेशी मी असं कधी बोलले नव्हते. त्यांनी मला थांबवलं नाही.

"मी तेव्हा त्यांना काय म्हणाले होते, ठाऊक आहे?" त्या म्हणाल्या. "माझ्यावर विश्वास ठेवा, म्हणाले होते. पुढे बघू."

मग त्यांनी आतल्या खोलीच्या माळ्याकडे बोट दाखवलं. "स्टूल घे. डावीकडे एक पत्र्याची पेटी आहे. जड आहे, सांभाळून."

पेटीत जुन्या प्रश्नपत्रिका होत्या, चर्चासत्रांची निमंत्रणं होती, आणि तळाशी सुतळीने बांधलेला वेळापत्रकांचा गठ्ठा. दर सत्राचं एक, आडव्या फुलस्केपवर पट्टीने आखलेलं, खाली मॅडमची सही आणि तारीख. एक प्रत नोटीस बोर्डावर लागायची. ही त्यांच्याकडची मूळ. कायम शिक्षकांची आद्याक्षरं निळ्या शाईने लिहिलेली होती. सीएचबीची पेन्सिलीने.

"बदलायची असायची ना," त्या हळूच म्हणाल्या.

दहा-अकरा वर्षांत पेन्सिल पुसट झाली होती. कागद तिरका धरून खिडकीपाशी नेला तर रकाना रकाना वाचता येत होता. सोमवार दुसरी तासिका, सोमवार चौथी, बुधवार पहिली. मॅडमनी टेबलावरचं पेन उचललं आणि त्यांचा हात त्या रकान्यांवर गेला.

"नको," मी म्हणाले. "तसंच राहू द्या. त्यावर शाई फिरवली तर ती खाडाखोड होईल."

त्यांनी पेन बाजूला ठेवलं. मग ड्रॉवरमधून कोरा कागद काढला, उजव्या कोपऱ्यात आजची तारीख घातली आणि शिकवताना फळ्यावर लिहायच्या तशा टपोऱ्या अक्षरात सुरुवात केली, की मी अमुक वर्षापासून अमुक वर्षापर्यंत या विभागाची प्रमुख असताना यांनी पुढीलप्रमाणे अध्यापन केलं आहे, आणि मूळ वेळापत्रकं माझ्याजवळ आहेत. निवृत्त प्रमुखाच्या अशा पत्राला कुठली निवड समिती किती वजन देईल, ते आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं. मी एकेका वेळापत्रकाचा फोटो काढत होते, त्या तास मोजत होत्या. एका ओळीपाशी थांबल्या.

"२०१४-१५, दुसरं सत्र. इथे डाग पडलाय. दोन पेपर होते की तीन?"

मी सरांना फोन लावला. ते बसमध्ये होते, मागे कंडक्टरचा आवाज येत होता. मी विचारलं आणि त्यांनी क्षणाचाही विचार न करता तीनही पेपरांची नावं सांगितली, तिसऱ्याचे किती तास झाले तेही.

"तिसऱ्याचं बिल निघालं नव्हतं, मॅडम," ते म्हणाले. "पण शिकवलं होतं."

मी फोन स्पीकरवर ठेवला होता. मॅडमनी ऐकलं, 'तीन' असं लिहिलं, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "तास किती म्हणाले?"